दोन प्रकारची स्वस्ताई

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महाराष्ट्रातील महागाईविरोधी चळवळीचा विषय निघाला की १९७२ साली स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचा आणि लाटणे मोर्चाचा उल्लेख होतोच. धान्य, साखर, तेल, रॉकेल हे त्या लढ्याचे विषय होते. ओठांना लावायच्या रंगाचा भाव हा चळवळीचा विषय कधी झाला नाही, आणि त्या काळी तसे होण्याचे कारणही नव्हते. मात्र त्यातून एक सवय अंगवळणी पडली. स्त्रीच्या खरेदीतील जो भाग चुलीशी निगडित तो राजकारणाचा. जो भाग आरशाशी निगडित तो एक तर चैनीचा, नाही तर थट्टेचा. आजचा विषय ऐकताच काही ज्येष्ठ साथींच्या चेहऱ्यांवर जे स्मित उमटले, ते याच सवयीचे चिन्ह होय.

विषय साधा आहे. आठवडी बाजारातल्या कटलरीच्या गाड्यावर, जत्रेतल्या पालात, पुण्याच्या तुळशीबागेत किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास छोट्या पारदर्शक डब्यांतून आणि प्लॅस्टिकच्या पुड्यांतून चकाकणारी रंगीत पूड विकली जाते. ती बोटाने पापणीवर लावतात. थोड्या पेट्रोलियम जेलीत कालवून ओठांवर लावतात. खोबरेल तेलाच्या थेंबात मिसळून गालांवर आणि गळ्याखाली लावतात. पापणीची वडी, ओठांची कांडी आणि गालांची डबी अशा तीन वस्तूंचे काम एक चिमूट करते. दिवसभर दुकानात उभी राहणारी मुलगी, लग्नसराईत वस्तीतल्या नवऱ्या सजवून चार पैसे मिळवणारी बाई, लोकनाट्यात काम करणारी कलावंतीण यांना परवडणारा रंग हाच आहे.

ही पूड इतकी स्वस्त का, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि त्याला दोन उत्तरे आहेत. ती दोन्ही उत्तरे आजवर एकात एक मिसळली गेल्यामुळे चळवळीत या विषयाबद्दल एक तर उपदेश ऐकू येतो, नाही तर मौन.

सुटा रंग ही परक्या देशातून आलेली नवी टूम आहे, असे समजण्याचे कारण नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात फणेरपेटी असे, तिच्यात मेणाची डबी आणि पिंजरीचा करंडा असे. आधी कपाळावर मेणाचा ठिपका, मग त्यावर बोटाने पिंजर. आज एखादी मुलगी पापणीवर चिकट मलमाचे बोट फिरवून वर रंगाची पूड दाबते, तेव्हा ती आजीचीच कृती करत असते. आधार नसला तर पूड टिकत नाही, गालावर झडते. म्हणून जाणत्या बाया डोळे आधी रंगवतात आणि चेहरा नंतर. ब्रश किंचित ओला करून लावले की तोच रंग दुप्पट गडद दिसतो, हेही त्यांना ठाऊक असते. काजळ तर घरोघरी धरले जाई: दिव्यावर तांब्याची ताटली, ताटलीवर जमलेली काजळी, तिच्यात तूप किंवा एरंडेल. कोकणातल्या दशावतारी मंडळींच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ अशा सुट्या रंगांवरच राजे आणि राक्षस उभे राहिले. त्यातला हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. कला थोर होती, पण तिचे साहित्य निर्धोक होते असे म्हणता येणार नाही.

येथे एक गोष्ट ओघात सांगणे आवश्यक आहे. कपाळावरचा रंग लावण्याचा अधिकार या समाजाने स्त्रीला स्वतःच्या नावाने कधी दिला नाही. तो नवऱ्याच्या आयुष्याशी बांधला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या गोष्टी त्या ठरावाने नाकारल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ज्या समाजात चिमूटभर रंगासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, तेथे प्रसाधन ही निव्वळ चैन आहे असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होत नाही. साधेपणाचा आदर्श ज्यांनी स्वेच्छेने स्वीकारला त्यांचा मान मोठा आहे. परंतु निवडीचे स्वातंत्र्य ज्यांना मुळात मिळालेच नाही, त्यांना तोच साधेपणा शिकवणे म्हणजे जुन्याच सक्तीला नवे नाव देणे होय.

आता या पुडीत असते काय ते पाहू. तिचा पाया अभ्रक. या खनिजाचे अतिशय पातळ पापुद्रे निघतात. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा सूक्ष्म थर चढवला की मोत्यासारखी झळाळी येते, आणि थराच्या जाडीप्रमाणे त्यातून निळसर, जांभळी, सोनेरी झाक दिसते. लोहाच्या ऑक्साइडचा थर दिला की तांबूस, ब्राँझसारखा, जुन्या सोन्यासारखा रंग येतो. हे लोहाचे रंग सावळ्या त्वचेवर खुलतात. उलट टायटॅनियमचा पांढरेपणा अधिक असलेला रंग तिच्यावर राख फासल्यासारखा दिसतो. डॉ. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि कातडीचा रंग या विषयावर स्वतंत्र लेख लिहून गोरेपणाच्या जुलमावर बोट ठेवले होते. गोरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या मलमांनी सावळ्या मुलीला वर्षानुवर्षे तिच्या कातडीची लाज विकली. तांब्या-सोन्याच्या छटांची ही स्वस्त पूड निदान तिच्या कातडीशी भांडत नाही. एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

आता स्वस्ताईचे पहिले उत्तर. दाबून वडी करायची तर पुडीत बांधणारा पदार्थ लागतो, यंत्र लागते, धातूची वाटी लागते, आरसा आणि झाकण असलेली डबी लागते. आणि त्या डबीवर नटीचा चेहरा हवा असेल तर जाहिरातीचा खर्च लागतो. नामांकित प्रसाधनाच्या किमतीत रंगाचा वाटा अल्प आणि या साऱ्या सरंजामाचा वाटा मोठा असतो. सुट्या पुडीत हा सरंजाम गळून पडतो. शिवाय एक ग्रॅम पूड रोज चिमटीने वापरली तरी कित्येक महिने पुरते. ही स्वस्ताई प्रामाणिक आहे. वस्तूचा उपयोग तोच ठेवून तिच्यावरचा फुकटचा भार उतरवणे, हे समाजवाद्याने खुल्या मनाने स्वागत करण्यासारखे काम आहे. उद्या एखाद्या बचत गटाने असे रंग तपासून, मोजून, डबीत भरून विकले, तर त्या व्यवसायाची थट्टा करण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर मात्र झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह व बिहारमधील नवादा या जिल्ह्यांत आहे. विविध भारतीवरील फर्माइशींमुळे झुमरीतलैया हे नाव मराठी श्रोत्यालाही परिचित झाले. ते गाव या अभ्रकाच्या पट्ट्यातले आहे. एके काळी येथे शेकडो परवानाधारक खाणी होत्या. अभ्रक खाणकामगारांसाठी १९४६ सालीच कल्याणनिधीचा कायदा झाला होता. वन संवर्धन कायदा १९८० साली आला, जंगलातील खाणपट्ट्यांचे नूतनीकरण अडले. सोव्हिएत संघासारखे मोठे गिऱ्हाईक १९९१ नंतर उरले नाही. खाणी कागदोपत्री बंद झाल्या. जमिनीतले अभ्रक आणि जमिनीवरचे दारिद्र्य मात्र जागच्या जागी राहिले. तेव्हापासून कुटुंबेच्या कुटुंबे जुन्या खाणींच्या राडारोड्यातून आणि हाताने खणलेल्या बिळांतून अभ्रकाचे तुकडे वेचतात. या तुकड्यांना तेथे ढिबरा म्हणतात. अरुंद बिळात मोठ्या माणसापेक्षा पोर सहज शिरते, हे या व्यवसायाचे भीषण तंत्र आहे.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. दोन महिन्यांत निदान सात मुले या बिळांत मेली आणि ती मरणे दडपली गेली, असे थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी २०१६ साली उघडकीस आणले. बिळे बेकायदा, म्हणून मरण सांगण्याची सोय नाही. सांगितले तर उद्याची मजुरीही जाते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीत झारखंडच्या अभ्रक पट्ट्यातील सहा ते चौदा वयोगटातली ४,५४५ मुले शाळेत जात नसल्याचे आढळले. प्रसाधनांचे मोठे उद्योग आणि काही संस्था यांनी २०१७ साली पॅरिस येथे जबाबदार अभ्रकासाठी एक मंच स्थापन केला. त्याच्या हेतूवर शंका न घेताही एवढे म्हणता येईल, की दलालांच्या चार हातांतून फिरलेल्या मालाचे मूळ सांगणे कठीण असते, आणि आठवडी बाजारातली बिननावाची पुडी तर अशा कोणत्याच मंचाच्या कक्षेत येत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक गणित मांडावे. समजा, ढिबरा वेचणाऱ्याच्या हातात किलोमागे दहा रुपये अधिक पडले. साफसफाईत आणि दळण्यात निम्मा माल वाया जातो असे धरू. एका किलोतून पाचशे ग्रॅम उपयोगी अभ्रक उरेल. अभ्रकाशिवाय पुडीत दुसरे काही नाही असे धरले, तरी त्यातून एक-एक ग्रॅमच्या पाचशे डब्या भरतील. दहा रुपये पाचशे डब्यांवर विभागले की प्रत्येकीवर दोन पैसे येतात. म्हणजे पोराला बिळातून काढून शाळेत पाठवता येईल इतकी बापाची मजुरी वाढवायची, तर तुळशीबागेतल्या गिऱ्हाइकाला तो बोजा जाणवणारही नाही. मग ती वाढ होत का नाही? कारण किंमत ठरते ती गिऱ्हाइकाच्या ऐपतीने नव्हे. वेचणाऱ्याच्या असहायतेने ठरते. ज्याच्या कामाला कायद्याची मान्यता नाही तो भावासाठी घासाघीस करू शकत नाही. म्हणून दुसरी स्वस्ताई ही काटकसर नव्हे. ती न दिलेली मजुरी आहे.

न दिलेल्या मजुरीच्या जोडीला न केलेली तपासणी असते. येथे धोका थेट वापरणाऱ्या बाईकडे येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे. सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम २०२० साली आले. रंग देण्यासाठी शिशाची वा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे. रंगद्रव्यांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत वीस भागांपलीकडे आणि आर्सेनिकचे दोन भागांपलीकडे जाता कामा नये. कागदावर एवढे चोख आहे. आता बाजार पाहा. न्यू जर्सीतील रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासले, त्यांतले ९५ अमेरिकेतील दुकानांतून आणि २३ भारतातून घेतलेले होते. ग्रॅममागे निदान एक मायक्रोग्रॅम शिसे अमेरिकेतल्या ८३ टक्के आणि भारतातल्या ७८ टक्के नमुन्यांत निघाले. वीस मायक्रोग्रॅमची मर्यादा अमेरिकेतल्या १९ टक्के आणि भारतातल्या ४३ टक्के नमुन्यांनी ओलांडली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. हळदीला चुन्याचा वा टाकणखाराचा हात लावून केलेले कुंकू वेगळे आणि शिशाचा शेंदूर वेगळा. पण दोघांचाही रंग लाल, आणि भेसळ करणाराला तेवढे साम्य पुरते. डोळ्यांत घालायच्या पारंपरिक सुरम्यात तर शिशाचे खनिजच कुटलेले असे. शिशाची निर्धोक मात्रा अशी कोणतीही ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आईच्या कपाळावरचा, ओठांवरचा रंग बाळाच्या हाताला लागून त्याच्या तोंडात जातो, हे सांगायला संघटनेची गरज नाही.

पापणी, ओठ आणि त्वचा या तीन जागा एकच नव्हेत, हे या ठिकाणी नीट समजून घेतले पाहिजे. ओठांवरचा रंग थोडाथोडा पोटात जातो. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत अल्ट्रामरिन निळा, क्रोमियमचा हिरवा आणि प्रशियन निळा हे रंग डोळ्यांभोवती चालतात, पण ओठांना चालत नाहीत. उलट, ओठांना चालणारे कित्येक रंग तेथे डोळ्यांजवळ वर्ज्य आहेत. एकच चिमूट तिन्ही जागी वापरण्यात गरीब बाईची बचत आहे खरी; पण कोणती चिमूट कोठे चालते हे सांगणारी चिठ्ठी तिच्या पुडीवर नसते. त्यात भर म्हणजे साबण, मेणबत्त्या, राळेच्या शोभेच्या वस्तू यांसाठी विकली जाणारी चमकदार पूड. दिसायला अगदी हीच, भाव आणखी कमी. पण तिची तपासणी माणसाच्या डोळ्यासाठी झालेलीच नसते. शुभेच्छापत्रांवर चिकटवायची प्लॅस्टिकची चमकी तर बुबुळावर ओरखडे काढते. डबीवर सी. आय. ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१ म्हणजे लोहाचा तांबडा ऑक्साइड. एवढे तीन आकडे ओळखायला शिकवणे अभ्यासवर्गाच्या एका तासात होण्यासारखे आहे. डबीवर काहीच छापलेले नसेल, तर ती पूड निदान ओठांना आणि डोळ्यांना लावू नये.

कायद्यात पळवाट आहे म्हणून हे चालते, असा एक समज आहे. तो खरा नाही. निर्मिती या शब्दाच्या व्याख्येत या कायद्याने माल फोडून लहान पुड्यांत भरणे आणि त्यावर चिठ्ठी लावणे यांचाही समावेश केलेला आहे. पोत्यातला रंग डब्यांत भरून विकायला काढणारा हा कायद्याच्या नजरेत निर्माताच होय. उणीव आहे ती तपासणाऱ्या हातांची आणि प्रयोगशाळांची. येथेही लहान उत्पादकाचा प्रश्न वेगळा मांडावा लागेल. समजा, एका घाण्याच्या तपासणीला पाच हजार रुपये लागले. शंभर किलोचा घाणा काढणाऱ्या कारखानदाराला ते ग्रॅममागे पाच पैसे पडतील. पाच किलोचा घाणा काढणाऱ्या बचत गटाला तेच ग्रॅममागे एक रुपया पडेल. नियम सर्वांना सारखा केला की तो लहानाला वीसपट जड जातो. करमाळा तालुक्यातले केम आणि पंढरपूर येथील कुंकू-बुक्क्याचा व्यवसाय डोळ्यांसमोर आणला म्हणजे हा प्रश्न पुस्तकी नाही हे कळेल. म्हणून तपासणी हवी, आणि ती सरकारी खर्चाने, जिल्ह्याच्या ठिकाणी हवी. शिशाची प्राथमिक चाचणी काही मिनिटांत करणारी हातात धरायची क्ष-किरण उपकरणे आज उपलब्ध आहेत.

करांची गंमतही नोंदण्यासारखी आहे. कुंकू, टिकली, सिंदूर, आळता यांवर वस्तू व सेवा कर नाही. डबीतल्या काजळावर नाही, पेन्सिलीतल्या काजळावर आहे. पापणीच्या आणि ओठांच्या प्रसाधनांवर २०१७ च्या जुलैत तो २८ टक्के होता, नोव्हेंबरात १८ झाला. म्हणजे तोच लोहाचा ऑक्साइड सौभाग्यचिन्ह म्हणून लावला तर करमुक्त आणि हौस म्हणून लावला तर करपात्र. शासनाची सौंदर्यदृष्टी अशी अधिभारासह व्यक्त होते!

या साऱ्यावर चांगल्या मनाचे लोक एक तोड सुचवतात: अभ्रकावर बहिष्कार. प्रयोगशाळेत भट्टीतून काढलेले कृत्रिम अभ्रक आता मिळते, ते अधिक स्वच्छ आणि चमकदारही असते, आणि पश्चिमेतील काही उत्पादकांनी ते स्वीकारले आहे. त्यांचे मन त्याने शांत होईल. पण गिरिडीहच्या बापाला त्या दिवशी दोन पैसे अधिक मिळणार नाहीत. असलेला आठ आण्यांचा रोजगारही जाईल आणि पोर अभ्रकाऐवजी वीटभट्टीवर जाईल. मागणी करायची तर ढिबरा वेचण्याला कायदेशीर मान्यता देण्याची, ती वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत देण्याची, आणि किमान भाव बांधण्याची केली पाहिजे. अभ्रक २०१५ साली गौण खनिजांच्या यादीत गेले होते आणि २०२५ पर्यंत तेथे राहिले. त्यामुळे त्या काळात याविषयीचे नियम करण्याचे अधिकार राज्य शासनाकडे होते. तेव्हा मोर्चा न्यायचा तो दिल्लीलाही आणि रांचीलाही. आणि तेथल्या साथींच्या मागणीला महाराष्ट्रातून पाठिंब्याचा ठराव जाणे उचित होईल.

महाराष्ट्रातले काम त्याहून जवळचे आहे. याच कायद्याच्या कलम २६ नुसार कोणताही ग्राहक, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संस्था, विकत घेतलेले प्रसाधन ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला देऊ शकते आणि त्याचा सहीचा अहवाल मागू शकते. ही तरतूद औषधांइतकीच कुंकवाला आणि सुट्या रंगाला लागू आहे. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या आठवडी बाजारातून पाच पुड्या पावती घेऊन विकत घ्याव्यात. पावती मिळणार नाही. तेव्हा ती का मिळत नाही, येथून चौकशीला सुरुवात करावी. त्याच वेळी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली तीन प्रश्न विचारावेत: गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात कुंकू, काजळ आणि सुट्या रंगांचे किती नमुने घेतले, त्यांतले किती नापास झाले, आणि नापास मालाच्या विक्रेत्यांवर व तो भरणाऱ्यांवर कोणती कारवाई झाली. अर्ज साध्या कागदावर, मराठीत करता येतो. त्याला दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक लागते.